मसाल्यातली ज्वारी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही शकुंतलाक्काला ओळखत नाही — निदान नसाल, असं धरून चालतेय. माझा स्वभावच संशयी. भाजीवाल्याने स्वतःहून मूठभर कोथिंबीर जास्त टाकली, तर मी आधी टोमॅटो तपासते.

मी निपाणीची. बेंगळुरूला आल्यावर घरचा कांदा-लसूण मसाला विकायला लागले. मसाला खरा शकुंतलाक्काचा. ती आमच्याच मजल्यावर राहायची, अथणीकडची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. भाजणं-कुटणं तिचं, डबे, ऑर्डरी, बोलणं माझं. तिच्या अव्वाची, म्हणजे आईची, एक युक्ती होती — शेवटी मूठभर ज्वारी खमंग भाजून मसाल्यात कुटायची. हे आपल्या दोघींतच राहू दे, असं मीच तिला दहादा बजावलं होतं. ती हसून ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणायची.

मग व्हिडिओ बघून मी वेबसाइट केली. व्हिडिओतली बाई म्हणाली, ब्लॉग हवाच, गिऱ्हाइकाला गोष्ट आवडते. जोडला ब्लॉग. हात बसावा म्हणून एक लेख लिहिला. काय लिहिणार? जे येत होतं तेच — मसाला, मापांसकट, ज्वारीसकट. वर ‘माझ्या आईची पद्धत’ असं लिहिलं. का? वाचायला बरं वाटलं, एवढंच. ‘प्रकाशित करा’ दाबलं. पण वेबसाइट उघडली तर लेख कुठेच दिसेना; वरच्या यादीत ब्लॉगचं नावही नव्हतं. ते आपण वेगळं घालायचं असतं, हे मला कुठे ठाऊक? मला दिसत नाही म्हणजे जगाला दिसत नाही, असं मी समजले आणि विसरून गेले.

दोन महिन्यांनी कळलं, व्हाइटफील्डच्या एका सोसायटीत कुणी बाई तसाच मसाला विकते. डबा मागवला. लेबलवर चक्क छापलेलं — भाजलेली ज्वारी.

मी सांगितलेलं नाही, मग कोण? मला एकेक आठवायला लागलं. परवा मी गेले तेव्हा अक्काने फोन का ठेवला? तिची भाची व्हाइटफील्डलाच राहते ना? चहा देताना ती माझ्याकडे बघत का नव्हती? संशयाने माणूस बघितलं की त्याचं शिंकणंसुद्धा खोटं वाटतं.

विचारायचं तर घरात विचारावं. मी विचारलं गिरणीत, मिरच्या घेऊन उभ्या असलेल्या चार बायकांसमोर. ‘अक्का, कितीजणींना दिलीस?’

ती आधी समजलीच नाही. समजल्यावर म्हणाली, ‘माझ्या अव्वाचा मसाला तो, ताई. मी कुणाकडनं चोरू?’

त्याच बायका तिला वर्षाचा मसाला करायला बोलवायच्या. त्या बोलवेनाशा झाल्या. गिरणीवाले अण्णा तिचं पीठ शेवटी दळू लागले. महिन्याभरात तिने देवनहळ्ळीला बहिणीकडे जायचं ठरवलं.

आता खरं सांगायचं ते इथे आहे. ज्या सकाळी ती निघाली, त्याच सकाळी मी ब्लॉग उघडला. मंजुरीसाठी थांबलेली एक प्रतिक्रिया होती, जुनी. ‘ताई, गूगलवर तुमचा लेख सापडला, तो वाचून मसाला केला. ज्वारीची युक्ती भारी! सोसायटीत सगळ्यांना आवडला, आता विकतेसुद्धा.’

बाहेर अक्काची खोकी दारात बांधून ठेवलेली होती. चार पावलं. मी भ्याले हो, दुसरं काही नाही. प्रतिक्रिया पुसली, लेख पुसला, आणि मग तिला सामान उतरवायला मदत करायला गेले.

टेम्पोत बसताना तिने माझा हात धरला. ‘कोण ते सापडलं की सांगा हं, ताई. त्या बायकांना पण सांगा.’

‘सांगेन,’ मी म्हणाले. तिच्या पातेल्यांवर नीट चादर टाकली. मग वर आले आणि ब्लॉगवर थालीपिठाचा लेख लिहायला बसले.