सही आधी, रक्त नंतर

“हात हुंग बघू तुझा,” लॅबचे मालक म्हणाले. काचेची खिडकी उघडी होती. बाहेर बाकावर पेशंट बसले होते. “हर्णैची कोळीण तू. मासळी पारखायची अक्कल वेगळी, रक्त पारखायची वेगळी. जा, हात धुऊन ये आणि रिपोर्ट टाइप कर.”

बाकावरचं कोणीतरी हसलं. मी बेसिनपाशी गेले, दोनदा साबण लावला, परत आले आणि रिपोर्ट टाइप केला. या प्रसंगातलं मला सर्वांत असह्य वाटतं ते हेच. मी टाइप केला.

माझा गुन्हा एवढाच होता की मी म्हटलं होतं, “सर, ही स्लाइड पॅथॉलॉजिस्टना दाखवायला हवी.”

मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर, वर प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका. तालुक्याच्या गावच्या त्या लॅबमध्ये रक्त काढणं, यंत्र चालवणं, स्लाइड रंगवणं हे माझं काम. निदान करणं माझं काम नाही. ही मर्यादा मला मालकांपेक्षा नीट ठाऊक होती. त्यांच्याकडे तर कोणतीच वैद्यकीय पदवी नव्हती.

स्लाइड होती तिशीतल्या एका बाईची. डोंगराकडच्या वाडीतली, नवरा मुंबईला. हिरड्यांतून रक्त, दंडांवर न आपटता उठलेले काळेनिळे डाग. पांढऱ्या पेशींची मोजणी अफाट. भिंगाखाली त्या मोठाल्या, कोवळ्या, केंद्रकाने गच्च भरलेल्या. अशा पेशी रक्तात फिरताना दिसल्या की तंत्रज्ञाने थांबायचं असतं आणि डॉक्टरला बोलवायचं असतं. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

“जंतुसंसर्गाची शक्यता, असं लिही,” मालक म्हणाले होते.

“डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय?”

“डॉक्टर सही करून गेलेत.”

ते खरं होतं. ड्रॉवरमध्ये कोऱ्या लेटरहेडचा गठ्ठा असे. प्रत्येक कागदाच्या तळाशी निळ्या शाईतली सही, खाली शिक्का, एम.डी. पॅथॉलॉजी. त्या बाईचं रक्त तिच्या शिरेत होतं, तेव्हाच तिच्या रिपोर्टवर सही झालेली होती.

माझी आई लिलावात कल्ले उघडून पाहिल्याखेरीज मासळीला ताजी म्हणत नाही. तिला अडाणी म्हणतात.

अकरा दिवसांनी ती बाई परत आली, सासूच्या खांद्यावर भार टाकून. सासू मला म्हणाली, “बाय, तुमचा कागद बघून डाक्टरान् गोळ्या दिल्यान. पोरीला उठाया पन व्हत नाय. नीट बघितलात ना तुमी?”

मी नीट बघितलं होतं.

ताजं रक्त घेतलं. पेशी त्याच, आणखी वाढलेल्या. लेटरहेडवरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या जिल्ह्यात राहत. “मला कशाला विचारतेस? तिथलं तिथे बघा,” ते म्हणाले. “मी येतो तेव्हा सह्या करतोच की.”

म्हणजे बघणारं कोणीच नव्हतं. बघणारा माणूस शोधायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही स्लाइड डबीत घालून एसटीने रत्नागिरी गाठली. पहिल्या लॅबमधली मुलगी म्हणाली, “डॉक्टर इथे बसत नाहीत, नुसतं नाव आहे त्यांचं.” दुसरीकडे उत्तर मिळालं, “मंगळवारी येतात. आले तर.” तिसऱ्या ठिकाणी साठीच्या एक डॉक्टर बाई स्वतः सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या. त्यांनी स्लाइड घेतल्या. एकामागून एक भिंगाखाली लावल्या.

“ही आत्ता कुठे आहे?”

“घरी. वाडीवर.”

“आजच मुंबईला हलवा. ल्युकेमिया वाटतोय. मी चिठ्ठी देते, तिथे फोनही करते.” मग त्यांनी जुन्या स्लाइडवरची तारीख पाहिली. “ही तूच रंगवलीस? तुला दिसलं होतं?”

“हो.”

“मग गप्प का बसलीस?”

मालकांचं बोलणं मी सांगू शकले असते. ते उत्तर झालं नसतं. कोळीण म्हटल्याने माझे डोळे गेले नव्हते. अपमान माझा झाला होता. तो भोगला त्या बाईने. हे उमगलं आणि माझी लाज तिथेच संपली. उरला तो राग.

तिथूनच त्या बाईच्या सासूला फोन केला. संध्याकाळी त्यांनी तिला हलवलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शिरताच मालक म्हणाले, “न विचारता दांडी? बापाची होडी समजलीस काय?”

मी ड्रॉवर उघडला, गठ्ठा काढला आणि खिडकीतून पेशंटांपुढे ठेवला. “या कागदांवर डॉक्टरांची सही आहे. तुमचं रक्त मात्र अजून काढलेलं नाही. बघा.”

एका म्हाताऱ्याने चष्मा लावला, कागद उलटसुलट केला. “ह्यो तर कोराच हाय गो.”

“पोरी, आत ये,” मालक हळूच म्हणाले. “आपण बसून बोलू.”

“इथेच बोला, सर.”

त्यांनी खिडकी ओढून लावली. दुपारी मला काढून टाकलं. मी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली आहे, स्वतःच्या नावाने, पत्त्यासह.

त्या बाईचे उपचार बारा दिवस उशिरा सुरू झाले. त्या बारा दिवसांत माझा वाटा आहे आणि तो मी कोणालाही माफ करू देणार नाही. यापुढे ज्या लॅबमध्ये पाऊल टाकीन तिथे पहिला प्रश्न हाच: स्लाइड कोण बघतं? नाव नको, माणूस दाखवा. माणूस नसेल तर माझ्या हातचा एक आकडाही त्या कागदावर उतरणार नाही. आणि खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सांगेन की इथे डॉक्टर नाही.