मिशीला मानवणारी वाळू

एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शनीत आलेले एक सुभेदार साताऱ्यात आमच्या शेजारी राहत. त्यांच्या पीळदार मिशीला बोट लावायची नातवालाही मुभा नव्हती. घरात माशांची काचेची पेटी होती. बाजारच्या रंगीत खडीत पाणवेली रुजल्या. पण तळाशी लोळणाऱ्या मिशाळ माशांच्या मिशा घासून झडल्या. सुभेदारांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

मग त्यांनी आष्ट्याकडून एस.टी.नं कृष्णेची वाळू आणली आणि थेट पिठाच्या चाळणीनं चाळली.

"आवं, भाकरी कचकचंल की!" बायको ओरडली.

"कचकचू दे. आपल्याला दात हायत."

परातीत ओली वाळू पसरून त्यांनी तीत गाल टेकवला आणि मिशी इकडून तिकडं घासली. मी हसू दाबत उभा होतो. ते मात्र डोळे मिटून पडून राहिले.

"चालंल गड्या," ते हळूच म्हणाले, "हितं झोप लागंल त्यास्नी."