नातीनं तोंड उघडलं अन् माझा जीव टांगणीला लागला

मंडळी, सकाळी नातीला गप्प बसवत होतो, आता हसू थांबत नाही.

माझी नात वर्ध्याला विद्यापीठात शिकते. मुलांना सभा घ्यायची तर आठवडाभर आधी परवानगी, असा नवा नियम येणार होता. त्यावर मत विचारायला आज कुलगुरूंनी मुलांसोबत पालकांनाही बोलावलं होतं.

नात बोलायला उठली, तशी मी तिची ओढणी धरली. "बस खाली बाई, नाव काढून टाकतीन!"

"आबा, सोडा नं! तेच विचारून राह्यले, तर सांगू नको काय?"

ती म्हणाली, "सर, पाण्याच्या टाकीत आज पाल निघाली, तर ओरडायला आठवडा थांबायचं?"

सगळे हसले. कुलगुरूही हसले. म्हणाले, "समितीत ये. नियम आपण मिळून लिहू."

जन्मभर साहेबांसमोर मान खाली घालणाऱ्या मी पहिली टाळी वाजवली.

समितीची बैठक उद्या सकाळी आठलाच आहे. रोजच्या गाडीनं तिला उशीर होईल. आर्वीहून वर्ध्याची पहिली एसटी कितीला सुटते, कोणी सांगता का?