जोर लावून ढकल

पलूसला खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं साखर कारखान्यासाठी ॲप बनवतो. मी, माझा भागीदार मित्र आणि चार महिन्यांपूर्वी आलेली कडेगावची एक मुलगी. तिघांचं काम सर्व्हरवर एकाच ठिकाणी साठतं. त्याला आम्ही फांदी म्हणतो. काम वर चढवायचं म्हणजे ढकलायचं, खाली घ्यायचं म्हणजे ओढायचं. इंग्रजी शब्दांची थट्टा करता करता तीच आमची भाषा झाली.

त्या दिवशी चार वाजता कारखान्याची माणसं मुलीचं काम बघायला येणार होती. कुणाचा ऊस कधी तुटणार, हे शेतकऱ्याला मोबाइलवर दिसेल असा भाग तिने केला होता. तो पसंत पडला तर तिची नोकरी कायम होणार होती. मी पाच दिवस गावच्या जत्रेत काढून त्याच सकाळी परतलो आणि आल्या आल्या मला आवराआवरीची हुक्की आली. फांदीवरच्या जुन्या नोंदी वेड्यावाकड्या दिसत होत्या, म्हणून मी रिबेस केलं, म्हणजे त्या उचलून नव्याने ओळीत रचल्या. स्वतःच्या फांदीवर हे खुशाल करावं. तिघांच्या फांदीवर करणं म्हणजे सामाईक बांध एकट्यानेच सरकवणं. मला हे ठाऊक होतं, तरी केलं. त्यातून ताजं काम आधी ओढूनही घेतलं नव्हतं.

आता माझं काम वर जाईना. तुझ्याकडे नाही असं काहीतरी इथे आहे, असं सर्व्हर सांगत होता. मी शेतावर गेलेल्या मित्राला फोन लावला.

“ढकलतोय, पण जाईना रं.”

“जोर लावून ढकल की!” तो ओरडला आणि फोन कट झाला.

मी लावला जोर. वरचं सगळं पुसून माझंच खरं धर, असा हुकूमच दिला. गेलं एकदाचं. मी चहा मागवला.

थोड्या वेळाने मुलीने नवा लॅपटॉप उघडून काम ओढून घेतलं. “दादा, माझं काय बी दिसंना.”

“नीट बघ,” मी हसलो. मग मी बघितलं. तिचं पाच दिवसांचं काम गायब! जुना लॅपटॉप तिने सकाळीच पुसून परत पाठवला होता. सगळं वर आहे, खुशाल पूस, असं मीच तिला सांगितलं होतं.

मित्र गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आला. “जोर लावायला कुणी सांगितलं तुला?”

“तूच की!”

“आरं, ट्रॉली रुतलीया. मी गड्याला म्हणत हुतो!”

नशिबाने त्याने आदल्या संध्याकाळी सगळं आपल्या लॅपटॉपवर ओढून घेतलेलं होतं, ते पुन्हा वर चढवलं. फक्त त्या सकाळचं काम सापडलं नाही. ते तिने मान वर न करता पुन्हा लिहिलं. कारखान्याची माणसं जिना चढत होती तेव्हा संपलं. त्यांना पसंत पडलं.

ते गेल्यावर मी तिची माफी मागितली.

“आवं दादा, वर दुसऱ्याचं काय तरी हाय म्हणून सांगत हुतं न्हवं? मी शेजारीच बसले हुते. मला का न्हाई इचारलं?”

मला तिला विचारायचं सुचलंच नव्हतं.