सुभेदारांच्या वायफायचा पहारा

सुभेदार मानसिंगरावांनी अठ्ठावीस वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये काढली, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक अक्षर शत्रूला गेलं नाही. हे ते स्वतःच सांगत. दुसऱ्या कुणाला सांगायची संधीच देत नसत. पेन्शनीवर येऊन कडेगावच्या पुढच्या वाडीत राहिले तरी अंगातली फौज काही उतरली नव्हती. ऊसतोडीला टोळी आली की तिला आधी रांगेत उभी करून मोजत. टोळी बापडी हसत उभी राहायची, म्हाताऱ्याचा चहा चांगला असायचा.

घर ओढ्याच्या अंगाला, खालच्या बाजूला, मागं डोंगर. मोबाईलची रेंज म्हणाल तर गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं की दोन काड्या. बोलणं व्हायचं, चेहरा दिसायचा नाही. मुलगा वीरधवल सरहद्दीवर, सून माया गरोदर. तेव्हा सुभेदारांनी मनावर घेतलं आणि रस्त्याच्या खांबावरून इंटरनेटची वायर घरात आणली.

जोडणीला आला कडेगावचा बिरदेव. त्यानं खिडकीशेजारच्या फळीवर राउटर बसवला, दिवे लागले.

"आबा, हितं बुडाला पासवर्ड चिकटवलाय, त्यो आदी बदला," तो म्हणाला. "ह्या डब्याच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड वायला असतोय, त्यो बी बदला. चांगली बारा-चौदा अक्षरं घ्या, मधी आकडे टाका, एखादं चिन्ह टाका. नाव न्हाईतर जन्मतारीख नगं."

"किती दिसांनी बदलायचा?"

"रोज कशाला बदलताय? कुणाला कळलाय असं वाटलं तर बदला. आन पावण्यांसाठी गेस्ट नेटवर्क म्हणून वायलं काडता येतंय, ते काडून देऊ का?"

"पावण्याला वायली पंगत?" सुभेदारांनी चष्म्यावरून बघितलं. "आमच्यात तसलं चालत न्हाई."

"मग त्यास्नी तुमचाच पासवर्ड द्यावा लागंल."

"कुणालाच द्यायचा न्हाई."

बिरदेवनं पुढं वाद घातला नाही. त्याला अजून तीन घरं करायची होती.

बिरदेवचं 'कळलं तर बदला' सुभेदारांना बिलकूल पटलं नाही. पहाऱ्याचा परवलीचा शब्द रोज बदलतो, हे त्यांना विसाव्या वर्षापासून ठाऊक. मग काय, रोज संध्याकाळी सहाला आंघोळ करून, बनियन घालून ते खिडकीपाशी स्टुलावर बसत आणि पासवर्ड बदलत. कागदावर लिहायचा नाही, डोक्यात ठेवायचा. नंतर घरातले सगळे फोन मागवून एकेकात स्वतः घालून देत. टीव्हीला सुद्धा.

"आवं, फोन हाय का बंदूक?" साळूबाई, त्यांच्या मंडळी, कंटाळून म्हणत. "रोज सांजच्याला जमा करायचा, रोज परत घ्यायचा. माजी मालिका चालू हुईस्तवर संपती."

"सुरक्षा म्हणत्यात त्याला," सुभेदार सांगत.

त्या सुरक्षेत एक बारीकसं भोक होतं, आणि ते सुभेदारांना सोडून सगळ्या आळीला माहीत होतं. वायरलेसवर संदेश देताना अक्षर चुकू नये म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द उच्चारायचा, अशी पद्धत असते. ए म्हणायचं नाही, अल्फा म्हणायचं. अठ्ठावीस वर्षांची सवय. टाइप करताना त्यांचं तोंड आपोआप चालायचं. त्यात वर्षानुवर्षं हेडफोन लावून कान गेलेले. आपण ओठातल्या ओठात पुटपुटतोय अशी त्यांची समजूत, आणि "कॅपिटल टँगो, स्मॉल इको, सात, चार" हे पार पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू जायचं. साळूबाईंनी सुरुवातीला एकदा सांगून बघितलं. "मी बोलतच न्हाई," असं उत्तर मिळालं. त्यांनी नाद सोडला.

महिनाभरानं सुभेदारांनी राउटरच्या ॲपमध्ये डोकावून बघितलं, तर यादीत अकरा जण जोडलेले. घरात फोन तीन आणि टीव्ही एक. सुभेदारांचं जेवणावरचं लक्षच उडालं. पासवर्ड सोळा अक्षरांचा केला. दुसऱ्या दिवशी तेरा जण. मग दिवसातून दोनदा बदलला. आकडा काही उतरेना. पहिला संशय बिरदेववर गेला, दुसरा, सांगायलाही लाज वाटते, साळूबाईंवर.

"तू कुणाला सांगितलास का?"

"मला त्यातलं एक अक्षर येतंय का?" साळूबाई म्हणाल्या, आणि पुढचे दोन दिवस फक्त "जेवा" आणि "हात धुवा" एवढंच बोलल्या.

दरम्यान मायाला इस्लामपूरला, माहेरी, मुलगी झाली. सव्वा महिन्यानं बाळंतीण घरी आली, आणि रविवारी बारसं धरलं. वीरधवलला रजा नव्हती. त्याच्या ठाण्यावर जवानांच्या फोनसाठी पाळ्या लावलेल्या. त्याची पाळी दुपारी चार ते सव्वाचार. लेकीचे फोटो त्यानं बघितले होते, पण लेक हलताना बघितली नव्हती. चारला पाळणा सजवायचा, फोन लावायचा आणि त्याच्यासमोर नाव ठेवायचं, असा बेत ठरला. ही पाळी चुकली तर पुढची कधी, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

दुपारी पाहुणे जमले. एका पाहुण्यानं चहा पिता पिता सहज विचारलं, "सुभेदार, तुमच्या वायफायचा पासवर्ड काय?" झालं. सुभेदारांना त्यात घुसखोर दिसला. तीन वाजता ते गुपचूप स्टुलावर जाऊन बसले आणि सतरा अक्षरांचा नवा पासवर्ड घातला. फोनांत घालणार, तेवढ्यात घुगऱ्यांचं पातेलं उतरवायला हाक आली. मग मांडव बघायचा होता, मग व्याह्यांना पान द्यायचं होतं.

चारला पाच कमी असताना माया म्हणाली, "आबा, फोन जोडला न्हाई अजून."

सुभेदारांनी फोन हातात घेतला. पहिली दोन अक्षरं घातली आणि बोट थांबलं. सातानंतर नऊ की नवानंतर सात? चिन्ह मधे की शेवटी? घातला, चुकला. पुन्हा घातला, पुन्हा चुकला. गच्चीवर फोन नेला तर चित्र उमटायच्या आतच अडकत होतं. बिरदेवला फोन केला.

"मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट मारा," तो म्हणाला, "पण समदी जोडणी पुसली जाती, मला येऊन करावी लागंल. तासाभरात पोचतो."

चार वाजले. मायानं बाळाच्या अंगावरची दुपटी नीट केली, सोडली आणि पुन्हा नीट केली. सुभेदारांना ते बघवेना. आपल्या मूर्खपणानं पोराची पाळी चालली, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून शेजारची अंबूबाई म्हणाली, "भावजी, तुमी दुपारी म्हणत हुता, ते हवंय का?"

अंबूबाईचं वय सत्तर. शाळेचं तोंड बघितलेलं नाही.

"काय म्हणत हुतो?"

अंबूबाईनं डोळे मिटले आणि जात्यावर बसल्यासारखी एका सुरात सुरू झाली, "क्यापिटल ब्राव्हो, स्मॉल अल्फा, नऊ, सात, ह्याश, क्यापिटल रोमिओ..." सतरा अक्षरं, मधे श्वास नाही. सुभेदार यंत्रासारखे टाइप करत गेले. फोन जोडला गेला.

"तुला कसं ठावं?"

"माज्या नातीला, अंकिताला, रोज मीच सांगती की," अंबूबाई शांतपणे म्हणाली. "नर्सिंगचा अभ्यास असतोय पोरीचा. तिच्याकडनं बाकीच्या पोरी नेत्यात."

त्यावर चिडायला सुभेदारांना वेळ नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी वीरधवल पडद्यावर आला. टोपी, वाढलेली दाढी, मागं पत्र्याची भिंत. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, प्रियदर्शनी, आणि बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. बाळानं जांभई दिली. वीरधवल पडद्याजवळ सरकून बघत राहिला.

बायकांच्या घोळक्यात पुरुषानं शिरायचं नसतं म्हणून सुभेदार उंबऱ्यावर उभे होते. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा मायानंच फोन त्यांच्याकडं दिला.

"आबा," वीरधवल म्हणाला, "हात हलीवती वो."

सुभेदार म्हणाले, "तू मला पयल्यांदा दिसलास तवा चौदा म्हैन्यांचा हुतास. मी हात म्होरं केला, तर आईच्या पदरात शिरलास आन रडायला लागलास. त्या रातीला गाडी पकडून माघारी जावं वाटलं मला. लय लागलं हुतं रं."

पाळण्याची दोरी ओढता ओढता साळूबाई थांबल्या. एकतीस वर्षं त्यांनी या माणसाशी संसार केला होता, आणि हे त्यांना आज कळत होतं.