मेलेल्या शेळीची राखण

परतूरच्या अलीकडं आमचा माळ. तिथं पहिले लांडगे होते. ऐंशी-ब्याऐंशी साल असंल, मी तरणा होतो, तवा त्यांनी आमच्या तीन मेंढ्या मारल्या. लांडगा उरलेलं खायला परत येतो, हे आम्हाला माहीत. मी एका मेंढीच्या पोटात कापसावरचं औषध भरलं आन् ती तिथंच टाकली. सकाळी दोन लांडगे मरून पडले होते. बाजूला गिधाडं, आन् आमचंच कुत्रं. गावानं पाठ थोपटली. बायको तेवढी काही बोलली न्हाई. तिच्या माहेरी मेंढरं आमच्याहून जास्ती, पण एखादं गेलं तर लांडग्याचा वाटा गेला म्हणायचे. औषध कोणी घातलं न्हाई.

माझं पाहून बाकीच्यांनीही घातलं. लांडगे संपले. मंग हरणं वाढली, त्याच्यामागून रानडुकरं. भुईमूग तर ठेवायचीच न्हाईत. बुजगावणी केली, फटाके वाजवले, बांधाला लुगडी बांधली. ज्याला ती भ्यायची ते मीच मारलं होतं.

एकदा तुरीत खुरपताना पिलांची डुकरीण उठली आन् बायकोची मांडी फाडली. जालन्याला टाके पडले. पाय वाकडाच राह्यला.

खाटेवरून म्हणाली, "लांडगे होते तवा एवढी डुकरं पाह्यली होती का कधी? लई मोठे शिकारी तुम्ही!"

"गप बस."

"त्या दिवशी गपच होते. तेच चुकलं माझं."

शेतात जाणं बंद झालं म्हणून तिनं शेळी पाळली. दोन वर्षांमागं बायको तापानं गेली. शेळी आठ दिवस माझ्या हातचं खाईना. मंग खाऊ लागली. मीही जेवू लागलो.

मागच्या हिवाळ्यात भर दुपारी माळावर लांडगीण आली. हाडं निघालेली, थानं लोंबत होती. शेळीची नरडी धरली. मी दगड मारला, ती पळाली, पण शेळी संपली होती.

चुलतभाऊ औषधाची बाटली घेऊनच आला. "दादा, सरका. जल्दी भरू द्या. अंधार पडला की येईल ती बराबर."

"भरू नको."

"येड लागलं का? वहिनीची शेळी होती ना?"

"व्हय, तिचीच. बाटली घरी ने."

"आज तुमची गेली, उद्या माझी जाईल."

"गेली तर हिचं करडू हाय घरी, ते ने."

"म्हातारा लांडग्याचा सोयरा झाला!" असं म्हणत तो बांधावर बसला. मी उठायची वाट पाहून राह्यला होता. मीही शेळीजवळ बसलो. सून भाकरी घेऊन आली. "मामा, मेलेल्या शेळीची राखण करताय? लोक हसून राह्यले."

"हसू दे."

दिवस कलला, तवा चुलतभाऊ धारा काढायला गेला. त्याचा भरवसा न्हाई. मी शेळीचे पाय धरून तिला ओढत खाली ओढ्यातल्या काटवनात नेलं. दोनदा दम लागून बसलो. रडू आलं. शेळीसाठी न्हाई.

सकाळी गेलो. शिंगं आन् कातडं उरलं होतं. ओढ्याच्या दोन्ही अंगांनी फिरून पाह्यलं, झुडपात काठी घालून पाह्यलं. मेलेलं काही दिसलं न्हाई. मंग घरी आलो.