ओल्या चादरी

ते कलाकेंद्र पूर्वी बर्फाचा कारखाना होतं. भिंती हातभर जाड, खिडक्या पार छताला टेकलेल्या, भर दुपारी आत शिरलं तरी अंगावर काटा यायचा. चित्रांचे रंग वाळता वाळायचे नाहीत. जागा कुणालाच नको होती, म्हणून ताईंच्या वाट्याला आली.

ताई केंद्राच्या संचालक. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एकदा स्वतः काढलेलं चित्र कागदात गुंडाळून ते मोठ्या प्रदर्शनात दाखवायला गेले. दरवानानं त्यांच्या कपड्यांवरचे रंगाचे शिंतोडे पाहिले आणि म्हणाला, "भिंती रंगवायला आलात ना? मागच्या दारानं या." वडील नुसते हसले आणि कागदाची सुरळी काखेत मारून घरी परतले. त्यांचं बोट धरून चाललेल्या ताईंना मात्र ते हसू कधी पचलं नाही.

केंद्र हाती आलं तेव्हा ताईंनी पहिल्यांदा गवंडी बोलावला आणि मागचं दार विटांनी बुजवून टाकलं. "यायचं त्यानं पुढून यायचं," म्हणाल्या. मग दुसरा नियम केला. ज्यानं काढलं, त्यानंच टांगायचं. हातोडी त्याच्या हातात, उंची त्याच्या मर्जीची. 'कुठं शिकलात?' हे कुणी कुणाला विचारायचं नाही. मग वेल्डर आला, न्हावी आला, रात्रपाळीची नर्स आली. शिकलेली मंडळी 'ताईंचं भंगारघर' म्हणून नाकं मुरडत राहिली. ताई म्हणायच्या, "नाक तुमचं, मुरडा हवं तितकं."

आणि मग भेटली इस्त्रीवाली मावशी. कोपऱ्यावरच्या टपरीत कोळशाची इस्त्री फिरवणारी. एकदा गप्पांच्या नादात तिच्या हातून गिऱ्हाईकाची चादर करपली. गिऱ्हाईक तणतणत चादर तिच्याच अंगावर फेकून गेलं. मावशीनं निरखून पाहिलं, तर डागात पंख मिटून बसलेलं पाखरू. दुसऱ्या चटक्यानं तिनं त्याला फांदी दिली. तेव्हापासून ती जुन्या चादरींवर इस्त्रीनंच चित्रं काढू लागली. इस्त्री नुसती टेकवली की फिकट पिवळं, जरा दाबली की चहाचा रंग, रेंगाळली की भोक. भोकाचा ती चंद्र करायची.

ताईंनी त्या चादरी थेट मोठ्या दालनात लावल्या. म्हणजे मावशीनंच लावल्या, स्टुलावर चढून.

यंदा केंद्राच्या समितीवर नवे अध्यक्ष आले. पदवीधर चित्रकारांचं प्रदर्शन ठरलं, बडे पाहुणे येणार होते.

"बाई, त्या चादरी बाहेर पॅसेजमध्ये हलवा," अध्यक्ष म्हणाले.

"नाही हलणार. भिंती घ्या तुमच्या चित्रांना, चादरी मधोमध राहतील."

"मग मला तुमच्या जागेचा विचार करावा लागेल."

"करा की. विचाराची सवय असलेली बरी."

उद्घाटनाच्या सकाळी ताई आल्या, तर भिंतींवर नवी चित्रं आणि चादरी गायब. नव्या शिपायानं भाबडेपणानं सांगितलं, "साहेब म्हणाले, हॉल स्वच्छ कर. चादरींवर केवढे डाग होते, ताई! लाँड्रीत टाकल्या."

मावशीला टपरीवरून उठवून ताई लाँड्रीत धावल्या. लाँड्रीवाला रडकुंडीला आला होता. "दोनदा उकळल्या, घासून घासून हात सोलले. डाग हटायला तयार नाहीत. मला माफ करा."

मावशीनं पिळलेली चादर झटकून उलगडली. पाखरू जागच्या जागी होतं, उलट भोवतीचं कापड आणखी पांढरं पडलं होतं. मावशी पोट धरून हसली. "अरे बाबा, डाग नाही तो. करपवलंय मी! पाण्यानं कसं जाईल?" मग ताईंकडे वळली. "पोरी, दोरी आहे का तुझ्याकडं?"

पाहुणे आले तेव्हा मोठ्या दालनात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि त्यांवर ओल्या चादरी ठिबकत होत्या. भिंतींवरची चित्रं पाहायची तर आधी पाखरं, चंद्र हातानं बाजूला सारावे लागत होते. कुणी चिडलं, कुणी एका चादरीपुढंच खिळून उभं राहिलं. अध्यक्षांच्या कोटावर टपकन थेंब पडला.

ते ताईंना कोपऱ्यात घेऊन दात खात म्हणाले, "काढा हे वाळवण!"

मावशी मध्येच पडली. "ओलं कापड घडी घालून ठेवलं की बुरशी धरते, साहेब. वाळू तर द्या."

अध्यक्ष चरफडले. मागं पाहुणे उभे, शेजारी समितीची मंडळी जमलेली, तोंड तर सोडता येईना. "ठीक आहे. पण बाई, या चादरी ज्या दिवशी वाळून उतरतील, त्या दिवशी तुमचा राजीनामा माझ्या टेबलावर पाहिजे. समितीसमोर बोलतोय मी."

"समितीसमोर मान्य," ताई म्हणाल्या.

आता दर बैठकीला अध्यक्ष घसा खाकरून विचारतात, "वाळल्या का?"

ताई उठतात, शांतपणे मोठ्या दालनात जातात, चादरीचं टोक बोटांत चोळून पाहतात, आणि परत येऊन खुर्चीत ऐसपैस बसतात.

"बर्फाचा कारखाना आहे, साहेब," त्या म्हणतात. "अजून ओल्याच आहेत."